शेताची हद्द : सरळ की वाकडी?

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले म्हणजे देवस्थानाचे जुने दप्तरही बाहेर निघते. सनद, सात-बारा, गावनकाशा, मोजणीचे कागद यांवरची धूळ झटकली जाते आणि देवाची जमीन नेमकी कोठून कोठपर्यंत, हा प्रश्न हटकून उभा राहतो. हा प्रश्न एकट्या देवस्थानाचा नाही. खेड्यातील भाऊबंदकी पुष्कळदा बांधावरच सुरू होते. मोजणीच्या दिवशी एक जण म्हणतो, "आमचा बांध आजोबांच्या काळापासून असाच वाकडा आहे, मग मोजणीदार दोन दगडांमध्ये सरळ रेघ का धरतो?" दुसरा म्हणतो, "नकाशात रेघ सरळ आहे, तेव्हा बांधही सरळच पाहिजे." दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. त्यामुळेच वाद मिटत नाही. बांध आणि रेघ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या निराळ्या काळात जन्मल्या आणि निराळ्या कामासाठी जन्मल्या, हे ध्यानात आले तर यातील अर्धी भांडणे कोर्टापर्यंत जाणार नाहीत.

पूर्वीची हद्द

जुन्या काळी जमिनीची हद्द रेघेने सांगत नसत, शेजाराने सांगत. ताम्रपटांत व शिलालेखांत दानाच्या जमिनीची चतुःसीमा दिलेली असते. पूर्वेस अमुक नदी, दक्षिणेस अमुक गावाची शीव, पश्चिमेस डोंगर, उत्तरेस अमुक वृक्ष किंवा तळे, अशी ती रीत होती. खरेदीखतात आजही चतुःसीमा लिहितात, तो त्याच रीतीचा अवशेष होय. शिलाहारांच्या काळापासून महाराष्ट्रात ठिकठिकाणी गद्धेगाळ नावाचे दगड सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढवाचे चित्र व शापवचन अशी त्यांची घडण असते. दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याला तो शाप असे. चंद्र-सूर्य असेतोवर दान टिकावे, ही त्यामागील भावना. अशा दगडावर जमिनीची लांबी-रुंदी मोजून दिलेली क्वचितच आढळते. दगड कोठे आहे आणि तो लोक मानतात की नाही, यावर सारे चाले.

दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला तर गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार यांच्या साक्षी होत. शिवेच्या बाबतीत महार वतनदाराच्या साक्षीला मोठे वजन असे, कारण गावची शीव राखणे हे त्याचे काम होते आणि तिचा प्रत्येक दगड त्याच्या पायाखालचा असे. प्रसंगी दिव्य करून, शपथ घेऊन, शीव चालून दाखवावी लागे. ज्या वाटेने तो माणूस चालला ती शीव ठरे. माणूस चालतो तेव्हा झुडूप टाळतो, खडक टाळतो, ओघळीच्या कडेने जातो. अशी चाललेली शीव सरळ कशी असणार? ती वळणे घेतच जायची आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

मोजणी मात्र त्या काळीही होती. शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची पाहणी केली. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर, असे तेव्हाचे माप होते. त्यापूर्वी निजामशाहीत मलिक अंबरने जमाबंदीची घडी बसविली होती. परंतु या साऱ्या मोजण्यांचा उद्देश सारा ठरविणे हा होता. जमीन किती व कोणत्या प्रतीची, हे दप्तरात येई. तिची कड कोठे वळते, हे शेतकऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आठवणीत राही.

साखळी आली

१८१८ साली पेशवाई संपून दख्खनचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस मोजणी व आकारणी केली. ती रयतेला पेलली नाही. सारा जड झाला, शेते ओस पडली. तेव्हा १८३५ साली इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू झाले. मुलकी खात्यातील गोल्डस्मिड आणि लष्करी इंजिनियर लेफ्टनंट विंगेट हे या कामाचे प्रमुख. १८३६ पासून इंदापुरात नवे दर लागू झाले व ते तीस वर्षांसाठी कायम केले गेले. पुढे १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी मिळून जो अहवाल केला, तो मुंबई इलाख्यातील पुढील मोजणीचा पाया ठरला. आज जो 'सर्व्हे नंबर' म्हणून सर्वांच्या तोंडी आहे, तो या पद्धतीचा.

या मोजणीला शंकू-साखळीची मोजणी म्हणतात. साखळी तेहतीस फूट लांब आणि तिचे भाग सोळा. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे. म्हणजे एक आणा सुमारे दोन फुटांचा झाला. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढ्या जमिनीला एक गुंठा म्हणतात. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजेच एक एकर. तेहतीस हा आकडा कोठून आला, याचे उत्तर या हिशेबात आहे.

वाकडा बांध कागदावर कसा आला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोजणीदार शेतात आला तेव्हा त्याच्यापुढे शेतकऱ्याने राखलेला बांध होता आणि तो बहुधा वाकडाच होता. साखळी तर ताणूनच धरावी लागते. ताणलेल्या साखळीने वाकडी कड मोजावी कशी?

त्यासाठी शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ पायारेषा धरीत. तिच्यावर साखळी टाकीत पुढे जावयाचे. बांधाला जेथे मोड आला असेल त्याच्या समोर थांबावयाचे, काटकोन साधण्याच्या यंत्रातून पाहावयाचे आणि पायारेषेपासून त्या मोडापर्यंतचे अंतर मोजावयाचे. पायारेषेवर किती साखळ्या व किती आणे चालून आलो आणि तेथून बाजूला किती गेलो, हे दोन आकडे लिहिले की मोडाची जागा पक्की झाली. असे सर्व मोड घेतले की कागदावर बिंदू पडतात आणि ते एकमेकांना सरळ रेघांनी जोडले की शेताची आकृती तयार होते. या कच्च्या आकृतीला व तिच्यावरील आकड्यांना टिपण म्हणतात. त्यावरून त्रिकोण व चौकोन पाडून गुणाकार केला की क्षेत्र निघते. तो हिशेब गुणाकार बुकात असतो.

यावरून उत्तर असे निघते की, कागदावरची हद्द दोन खुणांच्या दरम्यान सरळच असते. बांध वाकडा असेल तर तो लहान लहान सरळ तुकड्यांचा बनविलेला असतो. जेथे मोड ठळक होता तेथे मोजणीदार थांबला व त्याची नोंद झाली. जेथे बांध हळूहळू पोट काढत गेला होता आणि नजरेत भरण्याजोगा मोड नव्हता, तेथे सरळ रेघ ओढली गेली. एका बाजूची चिरोटी इकडे गेली, दुसरीकडची तिकडे आली. क्षेत्राचा मेळ बसला की काम भागले. सारा ठरविण्यास तेवढे पुरेसे होते.

मात्र भांडणाच्या वेळी ही चिरोटी लहान वाटत नाही. समजा, दोन दगडांमधील अंतर दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट आहे. बांध मधोमध फक्त चार फूट बाहेर फुगलेला आहे. डोळ्यांना तो जवळजवळ सरळच दिसेल. परंतु या फुगवट्याखालील जमीन सुमारे ८८० चौरस फूट भरते. गुंठ्याच्या हिशेबाने ती जवळपास तेरा आणे झाली! रेघ धरली तर ती एकाची, बांध धरला तर दुसऱ्याची. तेरा आण्यांसाठी दोन घरांचे पाणी तुटल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील.

गावनकाशाची रेघ

दुसरा घोटाळा गावनकाशामुळे होतो. पुष्कळ जण गावनकाशावर पट्टी ठेवून अंतर काढतात व त्यावरून शेजाऱ्याला जाब विचारतात. जुन्या गावनकाशाचे प्रमाण साधारणतः एक इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट असे असते. कागदावरचा एक इंच जमिनीवर ७,९२० इंच होतो. या नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची रेघ ओढली तर ती रेघच जमिनीवर सुमारे दोन मीटर रुंद होते. म्हणजे आख्खा बांध, त्यावरची बाभूळ आणि दोन्हीकडचे तास त्या रेघेच्या पोटात जातात. गावनकाशा कोणता नंबर कोणाच्या शेजारी आहे हे दाखविण्यास उत्तम, पण बांधाचा हात-दोन हातांचा तंटा त्याने तोडता येत नाही. त्यासाठी मूळ टिपणाचे आकडे, पोटहिस्से पडले असतील तर फाळणीचा नकाशा, आणि जमिनीवरच्या जुन्या खुणा ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात.

खरोखर वाकड्या हद्दी

सगळ्याच हद्दी माणसाने आखलेल्या नाहीत. नदी, ओढा, डोंगराची धार, जुना गाडीरस्ता या पुष्कळ गावांच्या शिवा आहेत. तेथे जमिनीवरची हद्द खरोखरच वळणाची असते. मोजणीदाराने कितीही मोड घेतले तरी कागदावरची आकृती तिच्या जवळपास जाते, तंतोतंत तीच होत नाही. नदी तर जागाही बदलते. एका काठाची जमीन खचते, दुसऱ्या काठाला मळई साचते. यासाठी महसूल कायद्यात मळईच्या जमिनीबद्दल व वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करण्याबद्दल स्वतंत्र तरतुदी कराव्या लागल्या, यावरूनच अशा हद्दीचे अवघडपण दिसून येते.

कायदा काय म्हणतो

मुंबई जमीन महसूल संहिता १८७९ साली झाली. तिच्या जागी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली व ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आहे. तिच्यात हद्द व हद्दीच्या खुणा यांना एक सबंध प्रकरण दिलेले आहे. गावाची हद्द कशी ठरवावी, शेताची हद्द कशी ठरवावी, वाद पडल्यास काय करावे, खुणा कोणी राखाव्यात, हे सारे त्यात नमूद आहे. विशेष म्हणजे वाकड्या हद्दी सरळ करून घेण्यासंबंधीही त्यात एक कलम आहे. वाकडी हद्द ही काही चूक किंवा लबाडी नव्हे, ती असू शकते, हे कायद्यालाच मान्य आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. ज्याला नांगरटीस ती गैरसोयीची वाटते त्याने कायद्याची वाट धरावी. रात्रीत बांध फोडून ती सरळ करू नये. बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेसाठी याच प्रकरणातील कलम १४३ आहे. हद्दीची खूण मोडणे हा तर दंडास पात्र असा प्रकार आहे.

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये पुढे गावोगाव गट पडले. काही ठिकाणी सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, कागदावर नव्या रेघा आल्या, पण जमिनीवरचा बांध जुन्याच जागी राहिला. अशा गावात जुना बांध दाखवून नव्या गटाची हद्द सिद्ध होत नाही आणि नव्या गटाचा नकाशा दाखवून जुन्या टिपणाचा मोड पुसला जात नाही. दोन्ही कागद समोरासमोर ठेवूनच बोलावे लागते.

दोन देशांचा बांध

हा पेच केवळ खेड्यातला नाही. अमेरिका व कॅनडा या दोन मोठ्या देशांमध्येही तो पडला होता. त्यांच्या सरहद्दीचा फार मोठा भाग ४९ व्या अक्षांशाने ठरला आहे. १८१८ च्या कराराने ती रॉकी पर्वतापर्यंत आली आणि १८४६ च्या कराराने पुढे पश्चिमेच्या समुद्रापर्यंत गेली. नकाशावर ती रेघ पट्टीने ओढल्यासारखी दिसते. पण पृथ्वी गोल असल्याने अक्षांशाची रेघ जमिनीवर अगदी किंचित वळत जाते. मोजणीदारांनी तिच्यावर जागोजाग खांब रोवले. मग प्रश्न निघाला, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत हद्द वळणाची मानावी की सरळ? अखेर १९२५ साली दोन्ही देशांनी करार केला की, लगतच्या दोन खांबांमधील हद्द सरळ रेघ समजावी. अक्षांश पुस्तकात राहिला, हद्द मात्र खांबांनी ठरली. त्यात थोडी जमीन इकडची तिकडे झाली, पण वादाचे मूळ खुंटले. एवढ्या मोठ्या देशांनी जे शहाणपण दाखविले ते दोन भावांना अवघड वाटू नये.

नवी यंत्रे

आता साखळी मागे पडली आहे. मेट्रिक माप आले, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एक एकर म्हणजे सुमारे ०.४०४७ हेक्टर व एक गुंठा म्हणजे एक आराहून किंचित अधिक. मोजणीच्या कामात फळ्यानंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, उपग्रहाच्या साह्याने जागा सांगणारी यंत्रे आली. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना सुरू केली. तिच्यात गावठाणातील घरांच्या जागा ड्रोनने मोजून मालमत्तेची पत्रके देण्याचे काम आहे. या यंत्रांची मोजणी जुन्या साखळीपेक्षा कितीतरी बारीक आहे यात शंका नाही. तथापि यंत्र एवढेच सांगते की, अमुक ठिकाण येथे आहे. त्या ठिकाणी हद्द आहे किंवा नाही, हे यंत्राला ठाऊक नसते. ते जुना कागद, जमिनीवरची खूण आणि शेजाऱ्यांची कबुली यांवरूनच ठरते. खूण नाहीशी झाली असेल तर बारीक मोजणारे यंत्रही चुकीची जागा बारकाईने मोजून देईल.

देवाच्या जमिनीचे काय?

हा सर्व इतिहास देवस्थानाला विशेष लागू आहे. पूर्वीच्या राजांनी व वतनदारांनी पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती यांसाठी देवाला जमिनी इनाम दिल्या. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने त्यांची तपासणी केली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्या कामाला कायद्याचे बळ मिळाले. देवस्थान इनामे वर्ग ३ म्हणून नोंदली गेली. या जमिनींचा धारक देव स्वतः असतो. पुजारी किंवा विश्वस्त हे वहिवाट पाहणारे, मालक नव्हेत. म्हणून अशी जमीन परस्पर विकता येत नाही.

पण जमिनीचा खरा राखणदार कागद नसतो, रोज बांधावरून फिरणारा माणूस असतो. शेतकरी आपल्या बांधावरून दिवसातून एकदा तरी जातो. देव काही बांधावर जात नाही! अशा बेवारशी बांधाला शेजारचा नांगर दरवर्षी थोडा थोडा कोरतो. ३३० फूट लांबीचा बांध दरसाल फक्त सहा इंच कोरला तर १६५ चौरस फूट जमीन जाते. या गतीने सात वर्षे भरण्याच्या आत एक गुंठा जातो आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बांध मुळात वाकडा असेल तर अधिकच सोपे. "तो पहिल्यापासून असाच आहे" असे म्हणावयास वाव राहतो.

सबब, जीर्णोद्धाराच्या निमित्ताने देवस्थानाच्या प्रत्येक सर्व्हे नंबराचे वा गटाचे टिपण, फाळणीचा नकाशा व सात-बारा यांच्या अधिकृत नकला काढून दप्तरी ठेवणे अगत्याचे आहे. रीतसर मोजणी करून घ्यावी व तीही लगतच्या खातेदारांना समक्ष ठेवून. दोन टोकांना दगड रोवून थांबू नये. जेथे जेथे मोड आहे तेथे तेथे दगड रोवावा. सरळ रेघेला दोन दगड पुरतात, वाकड्या बांधाला प्रत्येक वळणावर एक लागतो. एवढी गोष्ट सांभाळली तर सरळ की वाकडी हा वादच उरत नाही, कारण एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतची हद्द सरळ असते, हे दोन्ही बाजूंना मान्य असते. आणि वर्षातून एक दिवस, यात्रेच्या किंवा पाडव्याच्या सुमारास, गावातील चार जाणत्यांनी तरुण मुलांना बरोबर घेऊन देवाच्या जमिनीची हद्द चालून पाहावी. पूर्वी शीव चालून दाखविण्याची रीत होती, तिचाच हा आजचा उपयोग होईल.

दात्यांनी दिलेल्या पैशांतून मंदिराचा कळस उभा राहिला आहे. तो सर्वांना लांबून दिसतो. शेताच्या कोपऱ्यात गवतात लपलेला दगड कोणाला दिसत नाही, परंतु त्या कळसाखालची दिवाबत्ती पुढेही जळत राहावयाची असेल तर त्या दगडाकडेही गावाचे लक्ष असले पाहिजे.